टाकीच्या वळणावर दोन माणसं

स्वयंसेवक पाहिजेत!
मोटारींच्या शर्यतीची आवड आहे? मग घरी काय बसलात? जुन्या धावपट्टीवर होणाऱ्या आमच्या क्लबच्या हौशी शर्यतीत या, हातात निशाण घ्या आणि शर्यतीचा थरार अगदी जवळून अनुभवा! चहा, जेवण आणि आकर्षक टी-शर्ट

खोडलं.

टी-शर्ट खोडला. "आकर्षक" खोडलं. "अगदी जवळून" हे शब्द तर असे खोडले की फोनची काच फुटायची.

वर सेक्रेटरींचा निरोप तसाच आहे. "मॅडम, रविवार आला. टाकीच्या वळणावर अजून कुणी नाही. जरा जोर लावा. आपलं घरचंच कार्य आहे."

घरचं कार्य म्हणजे काय ते मला विचारा. हार घालून पुढे बसणारे वेगळे, मागे पातेली घासणारे वेगळे, आणि फोटोत फक्त पुढचे.

*

मी डोळे तपासते. चष्म्याच्या दुकानामागे एक अंधारी खोली आहे, तिथे माझी खुर्ची. त्या खुर्चीत बसलेला माणूस पळू शकत नाही. त्याच्या नाकावर मी लोखंडाची जड फ्रेम चढवलेली असते आणि समोरच्या उजळ पाटीशिवाय त्याला जगात काही दिसत नसतं.

"खालची ओळ वाचा. हं. आता बघा, आधीचं बरं की हे?"

"हे."

"आणि हे?"

"आधीचं."

"रविवारी काय करता?"

"अं? काही नाही. झोपतो."

झालं. सापडला. क्लबच्या शर्यतीला वळणावळणावर जी माणसं उन्हात उभी असतात, त्यातली निम्मी मी अशी धरून आणलेली आहेत. शिंपी, मोटार शिकवणारी बाई, भट्टी विझवून थेट येणारा उंच बेकरीवाला. यातल्या कुणालाही शर्यतीचं वेड नव्हतं. पुढे लागलं. चारचाकी वेगात वळणावर येते, तुम्ही एकटे निशाण उंच करता, आणि चाळीस हजारांची असो नाहीतर चाळीस लाखांची, ती गाडी तुमच्या हाताकडे बघून हळू होते. आयुष्यात तुमचं कुणी इतकं ऐकलेलं नसतं. त्यासाठी लोक येतात. चहासाठी कुणी येत नाही, चहा तर गारच असतो.

हे मी सेक्रेटरींना कितीदा सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर, बरोबर. मग यंदा टोप्या पण छापू."

*

टाकीच्या वळणावर माझ्या मोठ्या जाऊबाई असायच्या.

आम्ही एकाच घरात राहतो, त्या खाली, आम्ही वर. मी त्यांना ताई म्हणते, त्या मला धाकटे म्हणतात, आणि चिडल्या की "ए धाकटे". इस्पितळात एक्स-रे काढतात. आधी त्यांनी क्लबला नाक मुरडलं होतं. "ते गोल गोल फिरणार आणि आपण फडकी हलवायची? घरात फडकी कमी आहेत का?" एकदा मी टोपी विसरले, ती द्यायला आल्या, त्या दिवशी टाकीपाशी एक माणूस कमी होता, म्हटलं तासभर उभ्या राहा. संध्याकाळी निघताना माझ्याशी भांडल्या. "हे तू मला इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

तेव्हापासून टाकीचं वळण त्यांचं. जुनी पाण्याची टाकी, तिच्यापुढे टायरांची भिंत, आणि आतल्या बाजूला मऊ माती. गाड्या तिथेच गरकन फिरतात, तिथेच रुततात. म्हणून तिथे नेहमी दोन माणसं. एकाने येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून निशाण दाखवायचं, दुसऱ्याने पुढच्या बाजूवर नजर ठेवायची. जोडी मोडायची नाही. आणि कुणी नियम तोडला तर वळणावरून लेखी अहवाल जातो, त्यावर दोघांच्या सह्या. लिहायचं ते डोळ्यांनी पाहिलेलंच. ऐकलेलं नाही, वाटलेलं नाही. नव्या माणसांना मी हे पहिल्या दिवशी घोकून घेते.

ताईंचा जोडीदार बेकरीवाला. तो त्यांच्यासाठी गरम पाव आणायचा, त्या त्याला म्हणायच्या, "माझं वजन वाढवून मला गाडीपुढून पळता येऊ नये असा तुमचा डाव आहे."

*

मागच्या शर्यतीत वॉकी-टॉकीवर झालेलं बोलणं. मी कंट्रोलच्या तंबूत होते, माझ्यासमोर झालं. "कंट्रोल" म्हणजे त्या वेळी सेक्रेटरी स्वतः.

– टाकी, कंट्रोल बोलतोय. बेकरीवाल्यांना जरा इकडे पाठवा. बॅनर धरायला उंच माणूस हवाय.

– शर्यत चालू आहे.

– वहिनी, पाच मिनिटं हो. देणगीदार ताटकळलेत, फोटो काढून निघणार आहेत.

मी म्हटलं, सर, तिथली जोडी मोडू नका. त्यांनी मला हात दाखवला, थांबा असा.

मग:

– कंट्रोल, टाकी. गाडी फिरली, मातीत रुतली. ड्रायव्हर उतरतोय. पिवळं दाखवतेय.

– ठीक.

– माझा माणूस परत पाठवा. मी एकटी आहे.

– फोटो चालू आहे वहिनी. आलाच.

– फोटो गेला खड्ड्यात, मला इथे माणूस पा

*

पुढचं मी पाहिलेलं नाही, म्हणून ताईंच्या अहवालातलंच सांगते. तो त्यांनी डाव्या हाताने लिहिला, कारण उजवं मनगट मोडलं होतं.

पिवळं निशाण म्हणजे पुढे धोका, हळू व्हा, कुणाला ओलांडू नका. ताई निशाण हलवत होत्या आणि मधेच मान वळवून रुतलेल्या गाडीचा ड्रायव्हर भिंतीमागे पोचला का ते बघत होत्या, कारण ते बघणारा माणूस बॅनर धरून हसत होता. दोन गाड्या आल्या, हळू झाल्या. तिसरी झाली नाही. तिने त्या दोघींना ओलांडलं, मातीत उतरली, आणि ताई होत्या तिथून गेली. म्हणजे ताई एका क्षणापूर्वी होत्या तिथून. त्या मागे उडी मारून टायरांवर पडल्या होत्या.

तिसऱ्या गाडीत जावईबापू. तो कुणाचाच जावई नाही. क्लबला टायर पुरवणाऱ्या शेठचा मुलगा आहे. पण त्याच्यासाठी वेगळी सावली, वेगळी खुर्ची, तो येईपर्यंत जेवणाच्या डब्यांना कुणी हात लावायचा नाही, म्हणून बेकरीवाल्याने हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. त्या दिवशी तो पहिला आला. तो करंडक घेत होता तेव्हा मला तंबूच्या फटीतून त्याची पाठ दिसत होती, आणि माझ्या मांडीवर ताईंचा हात होता, मनगटापासून भलतीकडे वळलेला.

एक्स-रे ताईंच्याच खात्यात निघाला. पडद्यावर फोटो आला तसा त्यांनी स्वतःच वाचून दाखवला. "दोन ठिकाणी." मग माझ्याकडे बघून, "ए धाकटे, रडू नकोस, पुढचे पेशंट घाबरतात."

*

समितीचा निर्णय, जसाच्या तसा:

"सदर अहवालावर एकाच स्वयंसेवकाची सही असल्याने तो ग्राह्य धरता येत नाही. तसेच पिवळे निशाण गाडीतून दिसले नाही, असे स्पर्धकाचे म्हणणे आहे. जखमी स्वयंसेविकेस समिती सदिच्छा देत आहे."

पुन्हा वाचा. माणूस त्यांनीच काढून नेला. मग म्हणतात, माणूस एकच कसा?

आणि दिसलं नाही? जावईबापूंचे डोळे मी तपासलेत. याच खुर्चीत, याच पाटीवर. सगळ्यात खालची ओळ, जी मी कुणाला वाचायलाच सांगत नाही, ती त्याने न विचारता वाचून दाखवली होती, वर "एवढंच?" म्हणाला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पेशंटच्या डोळ्यांचा विषय चारचौघांत काढता येत नाही. तोंडात आलेलं गिळलं.

बेकरीवाला संध्याकाळी घरी आला. दारातच चपला काढून उभा राहिला. त्याला पाव आणायचं सुचलं नव्हतं, मोठा माणूस कसा रिकाम्या हातांनी अवघडतो तसा अवघडला होता.

"वहिनी, मी सही करतो. मागची तारीख घालून. दुसरी सही झाली की त्यांना तोंड राहणार नाही."

मला ते एकदम पटलं. मी पेन शोधायला लागले सुद्धा.

ताई म्हणाल्या, "तुम्ही पाहिलंत का?"

"नाही, पण तुम्ही सांगताय म्हणजे..."

"पाहिलंत का?"

"मी बॅनर धरून होतो वहिनी."

"मग तेवढंच तुमचं. बॅनर धरून होतो. त्याच्यावर सही करा हवी तर." आणि माझ्याकडे, "तू पेन कसलं शोधतेस? लोकांना काय शिकवतेस तू पहिल्या दिवशी?"

तो गेल्यावर मी भांडले. म्हटलं, ते खोटेपणा करून सुटतात आणि आपण खरेपणा करून मरायचं का? ताई म्हणाल्या, "मी मरत नाहीये. मी जातेय. आता टाकीपाशी मी नाही." आणि गॅसवरची भाजी डाव्या हाताने ढवळायला लागल्या. अर्धी खाली सांडली. मी पुढे झाले तर म्हणाल्या, "हात लावू नकोस."

*

स्वयंसेवक पाहिजेत. (दुसरं. तेही पाठवलं नाही.)
अनुभव नको. दोन पाय हवेत, मागे उडी मारता आली पाहिजे. तुमच्या निशाणाकडे गाड्या बघतील. ज्यांचे वडील आम्हाला काही देत नाहीत ते हळूसुद्धा होतील. काही झालं तर तुम्ही लिहा, आम्ही सह्या मोजू. सोबत एक साक्षीदार घेऊन या आणि त्याला घट्ट धरून ठेवा, आमचा फोटोवाला फिरत असतो. जखमींना सदिच्छा मिळतील, त्या कोपरापर्यंत लावाव्यात

*

त्या आठवड्यात खुर्चीत एक नवीन लग्न झालेलं जोडपं आलं. दोघांनाही लांबचं कमी दिसत होतं, दोघंही हसरे. रविवारी काय करता विचारलं तर एकमेकांकडे बघून म्हणाले, "तेच शोधतोय." इतकी चांगली जोडी मला कधी मिळाली नव्हती. मी टाकीचं वळण म्हणायला तोंड उघडलं आणि म्हटलं, "डोळ्यांत थेंब टाकते, वर बघा."

संध्याकाळी सेक्रेटरींच्या शोरूमला गेले. ते सोफे विकतात. एका सोफ्यावर त्यांनी मला बसवलं, प्लास्टिकचं आवरण न काढता.

"सर, टाकीपाशी मी कुणालाही उभं करणार नाही."

"असं कसं मॅडम? एक जागा रिकामी म्हणजे शर्यत रद्द. नियम आहे."

"नियम तुम्हाला माहीत आहेत हे ऐकून बरं वाटलं."

"हे बघा, वहिनींचं वाईट वाटलं आम्हालाही. पण तुम्ही मनाला फार लावून घेता. माणसं येतात, जातात. तुमच्याकडे तर रोज नवीन डोळे येतात." ते स्वतःच हसले. "टिकत नाहीत हल्ली लोक. बांधिलकी म्हणून राहिलेली नाही. आमच्या वेळी..."

"तुमच्या वेळी तुम्ही कुठल्या वळणावर उभे होतात?"

"मी? मी नियोजनात."

"एकदाही नाही?"

त्यांचा चेहरा उतरला, मग चढला. "त्यात काय एवढं? निशाण तर हलवायचं. नसेल मिळत कुणी तर मी उभा राहतो टाकीपाशी. झालं समाधान?"

"झालं," मी म्हटलं. "जोडीला मी येते."

सोफ्यावरून उठले तर प्लास्टिक मांड्यांना चिकटून सोलल्यासारखं आलं.

*

रविवार. ऊन. टाकी.

सेक्रेटरी नवी टोपी घालून आले. पहिल्या सरावफेरीत त्यांनी प्रत्येक गाडीला हात केला. मी म्हटलं, हात करू नका, त्यांना काहीतरी सांगताय असं वाटतं. ते म्हणाले, "ओळखीचे आहेत सगळे."

दुसऱ्या फेरीत एक छोटी लाल गाडी आमच्यापुढे येऊन फिरली आणि मातीत बसली. बॉनेटमधून धूर. मी पुढच्या बाजूला वळले, ड्रायव्हरला भिंतीमागे यायला ओरडले. "पिवळं!" मी म्हटलं. सेक्रेटरींनी निशाण उचललं, आधी गुंडाळलेलंच, मग उलगडलं. बरोबर हलवलं, हे मात्र म्हणेन. दोन्ही हातांनी, डोक्यावर.

एक गाडी हळू झाली. तिच्या मागून जावईबापू.

लाल गाडीचा ड्रायव्हर भिंतीमागे गेलेला होता, म्हणून मी वळून पाहत होते, म्हणून मी हे पाहिलं. जावईबापूने निशाणाकडे पाहिलं. मान वळली, हेल्मेट आमच्याकडे झालं, आणि गाडी ओरडली. पुढच्या गाडीला ओलांडून, चाकं मातीत, खडे उडवत आला. मी सेक्रेटरींच्या शर्टाला धरून ओढलं की ते स्वतःच पडले, माहीत नाही. आम्ही दोघं टायरांमागे. टोपी रस्त्यावर, तिच्यावरून चाक गेलेलं.

सेक्रेटरी ओरडले, आणि तो आवाज मी त्यांच्याकडून कधी ऐकला नव्हता.

"त्यानं मला पाहिलं! माझ्याकडे बघून आला तो! बाद करा त्याला! आत्ताच्या आत्ता!"

अहवाल सेक्रेटरींनी तिथेच, लाल गाडीच्या मागच्या काचेवर कागद ठेवून भराभर लिहिला. मग कागद माझ्यापुढे. "सही करा मॅडम."

मी कागदाकडे बघत राहिले. माझ्या डोक्यात तिडीक गेली होती ती शब्दांत सांगता येत नाही. तोच माणूस, तीच गाडी, तेच वळण, तेच निशाण. एक शब्द बदलला असता तर हा ताईंचाच अहवाल होता. फाडून तोंडावर फेकावा असं वाटलं. पण मी पाहिलं होतं. डोळ्यांनी. मी सही केली, आणि सही करताना मला जितका राग आला तितका सही नाकारतानाही आला नसता.

जावईबापू आजच्या शर्यतीतून बाद. कर्ण्यावरून जाहीर व्हायला निम्मा चहासुद्धा संपला नाही. शेठचा फोन आला, सेक्रेटरींनी कट केला. पुन्हा आला, पुन्हा कट. निशाण गाडीतून दिसतं की नाही, हे कुणी विचारलं नाही.

"आता ताईंचा अहवाल काढा," मी म्हटलं.

"तो विषय संपला ना मॅडम. आणि त्यावर एकच..."

"दुसरी तुमची करा."

"मी कशी करू? मी तिथे नव्हतो. मी पाहिलं नाही." आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच त्यांना खोटं करायला सांगतेय.

"बेकरीवाल्याला कुणी बोलावलं ते तरी माहीत आहे ना? तेवढं लिहा. 'जोडीदार मी काढून नेला, म्हणून सही एक आहे.' त्याच्याखाली नाव."

"बघू नंतर. शर्यतीला उशीर होतोय."

ते कंट्रोलकडे गेले. माझ्या जोडीला त्यांनी मोटार शिकवणारी बाई पाठवली. शर्यत सुरू करायच्या आधी कंट्रोल प्रत्येक वळणाला विचारतं, तयार? प्रत्येकाने हो म्हटल्याशिवाय हिरवा दिवा लागत नाही.

– टाकी, तयार?

– नाही.

– टाकी, काय झालं?

– सेक्रेटरींना माहीत आहे काय झालं.

गाड्या रांगेत धुमसत होत्या. एकाने हॉर्न दिला, मग सगळ्यांनी. मोटार शिकवणारी बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "मला घाई नाही. मी विद्यार्थ्यांना क्लच सोडायला शिकवते, माझ्याकडे चिकाटी आहे."

– टाकी, प्लीज. तयार?

– नाही.

इंजिनं तापली. दोघांनी बंद केली. सेक्रेटरी पायी आले, उन्हात, बिनटोपीचे. भिंतीच्या टायरावर कागद ठेवून दोन ओळी लिहिल्या, खाली नाव. पेन माझ्या हातात न देता टायरावर ठेवून गेले.

मी तयार म्हटलं.

*

संध्याकाळी तो कागद ताईंच्या ओट्यावर ठेवला. त्यांनी प्लॅस्टरचा हात टेकून तो दाबून धरला आणि वाचला. दोनदा. मी सगळं सांगितलं, थोडं शौर्यानेच सांगितलं म्हणा ना. मला वाटलं होतं हसतील.

"म्हणजे या दोन ओळी लिहून घ्यायला तुला शर्यत अडवावी लागली."

"हो! सगळ्या गाड्या! तुम्ही बघायला हव्या होत्यात..."

"माझ्या निशाणाला एक गाडी अडायला हवी होती, धाकटे. एक."

"पण आता सिद्ध झालं ना ताई. आता तुमची जागा..."

"जागा, जागा. त्यांना जागा भरायचीये आणि तुला मी तिथे हवीये." कागद घडी करून त्यांनी माझ्याकडे सरकवला. "तुला जायचं तर जा. माणसं धर, आण, उभी कर. मला विचारू नकोस. दर वेळी गाडीपुढून सेक्रेटरी पळवल्यावर माझं खरं ठरणार असेल तर त्या वळणावर त्यांनाच ठेवा."

मी काही म्हणणार तेवढ्यात माझा फोन वाजला. सेक्रेटरी. मी उचलेना. ताईंनी डाव्या हाताने उचलला आणि आवाज मोठा करून ओट्यावर ठेवला.

"मॅडम, अभिनंदन! रुसवा संपला ना? पुढच्या महिन्याचं बोलायचं होतं. टाकीसाठी दोन माणसं..."

"मी मोठी जाऊ बोलतेय."

"अरे वा, वहिनी! छानच झालं. तुम्हालाच विचारणार होतो. मग येताय ना परत? आता काही अडचण नाही, तो बाद झालाय. आपलं घरचंच..."

"आधी हात कसा आहे ते विचारा."

फोनमधून कुठल्यातरी दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला. मी ओट्याच्या कडेला धरून उभी होते.

"कसा... कसा आहे हात?"

"दुखतोय," ताई म्हणाल्या, आणि फोन बंद केला.